परात काय म्हणते?

१

हिवाळ्यात आमच्या वस्तीवर सकाळचा पहिला आवाज कोंबड्याचा नसायचा, परातीचा असायचा.

माझे सासरे सावळेराम, म्हणजे सगळ्या पिंपळवंडीचे तात्या, दिवाळी सरली की रोज संध्याकाळी अंगणात पितळेची मोठी परात पाणी भरून ठेवायचे. पहाटे कानटोपी, तिच्यावर मफलर आणि त्याच्यावर घोंगडी अशा थाटात बाहेर पडायचे, परातीशी उकिडवे बसायचे आणि बोटाच्या पेरानं तिच्या काठावर एकदाच वाजवायचे. टण्ण असा लांबलचक आवाज आला की पाणी अजून पाणीच आहे. ठक असा बसका आवाज आला की वर बर्फाची साय धरली. मग घसा खाकरून ते वस्तीला ओरडून सांगायचे, "मऊ हाय!" किंवा "थिजलं!"

सगळा आटापिटा द्राक्षांसाठी. 'थिजलं' म्हटलं की वस्तीवर पळापळ. बांधाबांधावर शेकोट्या पेटवून बागेत धूर कोंडायचा, मोटर चालू करून वेलींना विहिरीचं कोमट पाणी सोडायचं. उशीर झाला की भरत आलेले मणी तडकायचे. अशी वेळ सबंध हिवाळ्यात एखाद-दोनदाच यायची, पण परात रोज. रेडिओवर पुण्याचं तापमान सांगायचे, त्यावर तात्यांचा बिलकूल विश्वास नव्हता.

"पुण्याची थंडी पुण्यात," ते म्हणायचे. "आपली द्राक्षं काय शनिवारवाड्यावर लावल्यात व्हय?"

मी लग्न होऊन आले त्याच सुमारास घरात फोन आला आणि तात्यांचा धंदा वाढला. ज्यांना ओरडणं ऐकू येत नसे, ते फोन करायचे. "हॅलो, तात्या, परात काय म्हणती?" की तात्या छाती काढून सांगणार. फोन ठेवला की चुलीवर स्वतः चहा टाकायचे आणि पहिला कप मला. सासऱ्यानं सुनेला चहा करून द्यायचा, यावरून शेजारचे गेणभाऊ त्यांची लई टिंगल करायचे. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले होते. तात्यांना मी सासरे असं कधी समजलेच नाही.

ज्या बोटानं ते वाजवायचे ते उजव्या हाताचं बोट तरुणपणी उसाच्या चरकात सापडलेलं होतं. पुढं वाकडं झालेलं आणि नख गेलेलं. असं बोट दुसऱ्या कुणाचं असणं शक्य नव्हतं, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

२

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात मला दिवस गेले होते आणि डोहाळे लागले ते बर्फाचे. चिंचा नकोत, आवळे नकोत. कडाकडा चावून बर्फ खावा असं वाटायचं. घरात फ्रिज नव्हता. आमच्या यांनी, म्हणजे सोपाननं, एकदा ओतूरच्या सोडावाल्याकडून भुशात गुंडाळून बर्फ आणला. घरी पोचेपर्यंत पिशवीत ओला भुसाच उरला होता. सासूबाई गोजरबाई, ज्यांना मी आत्या म्हणायचे, त्या तर बर्फाचं नाव काढलं तरी डोळे वटारायच्या.

"पोटातल्या लेकराला पडसं करती का काय? गूळ खा मुकाट्यानं."

मग एका पहाटे परात ठक वाजली. शेकोट्या झाल्या, पाणी सोडून झालं, उजाडलं. मी चुलीपुढं बसले होते. तात्या मागच्या दारानं आत आले, घोंगडीखाली काहीतरी लपवलेलं.

"सूनबाई, डोळं मीट."

मी डोळे मिटले. मांडीवरच्या ताटात काहीतरी जड ठेवलं गेलं. परातीवरची बर्फाची चकती होती ती, भाकरीएवढी आणि काचेसारखी आरपार.

एरवी परातीतलं पाणी असो की बर्फ, तात्या ते बागेतल्या पहिल्या वेलीच्या बुडाशी ओतून यायचे. घरात कधी आणलं नव्हतं. असा नेम का, ते कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. पण सुनेचे डोहाळे अपुरे ठेवायचे नसतात, हाही नेमच, आणि तात्यांच्या मनात तो वरचढ ठरला.

"मी बी खातो तुझ्यासंगं," ते म्हणाले. "म्हंजी तुझ्या सासूनं धरलं तर दोघं मिळून शिव्या खाऊ."

चुलीपुढं बसून आम्ही दोघांनी ती चकती मोडून मोडून संपवली. पितळेचा जरासा वास आणि मागून विहिरीच्या पाण्याचा गोडवा. तात्यांच्या दातांना कळ लागली की ते एक डोळा मिटायचे आणि मला हसू फुटायचं. इतकं सुख मला सासरी त्याआधी झालं नव्हतं.

३

नंतर थंडी ओसरली, आभाळ भरून आलं. ढग असले की पाणी गोठत नाही, हे लहान पोरालाही माहीत. तात्या निवांत होते. चुलीपुढं बसून बशीतला चहा फुंकत होते, मी भाकरी थापत होते. सोपान मोटर चालू करायला गेला होता, कारण वीज पहाटेचीच यायची. आत्या माजघरात निजलेल्या.

अंगणात परात वाजली. एकदाच. टण्ण.

मी तात्यांकडे बघितलं, तात्यांनी माझ्याकडे. बशी ओठाशी तशीच.

"गेणभाऊ आसंल," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला लई दिसांपास्नं वाजवून बघायची हौस हाय."

मी दार उघडून बघितलं. अंगणात कुणी नव्हतं. परातीतल्या पाण्यावर एक वर्तुळ काठाकडे सरकत होतं. मी मनाशी म्हटलं, मांजर असेल, पाणी प्यायला आलेलं. मग म्हटलं, पितळ गार पडताना आक्रसतं, तेव्हा वाजत असेल. मी बारावी शास्त्र शाखेची, त्यामुळे कारणांना तोटा नव्हता.

दोन दिवस गेले आणि परात पुन्हा वाजली. तिच्या मागोमाग पडवीतली बादली वाजली. वाजण्याच्या मध्ये थोडी शांतता, म्हणजे वाजवणारा कान देऊन ऐकतोय अशी. त्यानंतर कधीतरी परात, बादली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेला पाण्याचा हंडा. हंडा घरात असतो. मांजर हंडा वाजवत नाही.

पण मला खरी भीती वाटली ती आवाजाची नाही. त्या सकाळी थंडी परत आली होती. आम्ही सगळे अंगणात शेकत बसलो होतो. बोलताना आत्यांच्या तोंडातून वाफ निघत होती, सोपानच्या, गेणभाऊंच्या, माझ्याही. तात्या सगळ्यांत जास्त बोलत होते, बेल्ह्याच्या बाजारात कुणी कुणाला कसा म्हातारा बैल विकला त्याची गोष्ट रंगवून सांगत होते. त्यांच्या तोंडातून वाफ येत नव्हती.

मी पुन्हा पुन्हा बघितलं. सगळे पोट धरून हसत होते. मी उठून त्यांचा हात हातात घेतला. जाळाशी बसलेल्या माणसाचा हात, आणि पहाटेच्या पाइपासारखा गार.

४

ओतूरच्या डॉक्टरांनी नाडी बघितली, छाती तपासली आणि सांगितलं, वय आहे, थंडी आहे, ऊब ठेवा. आम्ही ऊब ठेवली. गरम पाण्याच्या बाटल्या, तिळाच्या तेलाची मालिश, दोन दोन घोंगड्या. तात्या दिवसेंदिवस गारच होत गेले. जेवण कमी झालं, चालणं मंद झालं. बोलणं मात्र तेवढंच. मी आत्यांना वाफेचं सांगितलं तेव्हा त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. पदरानं डोळे पुसले आणि तात्यांची खाट ओढत स्वयंपाकघरात, चुलीशेजारी आणली.

तात्यांना सगळं कळत होतं. एका दुपारी मी त्यांचे पाय चोळत होते तर म्हणाले, "सूनबाई, ते माझंच काम करतंय गं."

"कोण?"

"जे कोण आसंल ते. मी रोज बघतो का न्हाई, थिजलं का मऊ हाय? तसं ते मला बघाया येतंय. अजून मी मऊ हाय, म्हनून परत जातंय."

"तात्या, असलं काही बोलू नका."

"मी काय भेलोय का? येवढ्या हिवाळ्यांत मी परातीला इचारलं का, बाई, तुला वाजवू का नको म्हनून?" आणि हसले. मग माझ्या पोटाकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. "फकस्त ह्या बारक्याचं तोंड बघायचं व्हतं. तेवढी गरमी राह्यली पायजे व्हती."

मी मोरीत जाऊन रडून घेतलं. काहीही करून या माणसाला आपण जाऊ द्यायचं नाही, असं मी तिथं उभी राहून ठरवलं. कसं, ते मला माहीत नव्हतं.

५

तांबडं फुटायला अजून अवकाश होता. सोपान मोटरवर. आत्या रात्रभर जागून चुलीच्या पलीकडे बसल्या बसल्या पेंगल्या होत्या. मी तात्यांच्या खाटेला टेकून जमिनीवर बसले होते. त्यांचे दोन्ही हात घोंगडीखाली माझ्या एका हातात धरून ठेवलेले, कारण चोळून चोळून मी दमले होते. चुलीत निखारे होते. तात्या झोपेत, श्वास इतका हलका की कान लावून ऐकावा लागे.

परात वाजली. टण्ण.

मी मोजके श्वास घेत बसले. बादली वाजली. टण्ण. मग हंडा, अगदी दाराशी. त्याचा आवाज घुमून विरला तेव्हा चुलीतले निखारे जरा काळवंडले, किंवा मला तसं वाटलं. पुढं काय आहे ते मला माहीत होतं. खाटेशेजारी स्टुलावर तात्यांचा तांब्या होता.

तांब्या वाजला. माझ्या कानाशी.

वाजवणारा हंड्यापासून इथवर आला होता आणि पाऊल वाजलं नव्हतं. मग ती शांतता, कान देऊन ऐकण्याची. घोंगडी तात्यांच्या छातीवरून आपोआप थोडी खाली सरकली. मी काही विचार केला नाही. मोकळा हात पुढं केला आणि पालथा करून, म्हणजे तळवा त्यांच्या छातीवर, असा ठेवला. माझ्या अंगात तेव्हा दोन जीवांची ऊब होती.

निखाऱ्यांच्या उजेडात मला एक बोट दिसलं. बाकी हात दिसला नाही, माणूस दिसला नाही. बोट वाकडं होतं, त्याला नख नव्हतं आणि फार वेळ पाण्यात राहिल्यावर कातडी होते तसं ते पांढरं आणि सुरकुतलेलं होतं. तात्यांचे दोन्ही हात माझ्या हातात होते. मी ते घट्ट आवळले. ते बोट खाली आलं आणि माझ्या हाताच्या पाठीवर एकदाच वाजलं.

आवाज झाला तो माणसाच्या अंगावर टिचकी मारल्याचा. मऊ.

मग अंगणात कुणीतरी घसा खाकरला आणि तात्यांच्या आवाजात, तात्यांच्याच ठसक्यात ओरडलं, "मऊ हाय!"

तात्या माझ्यासमोर झोपलेले होते. त्यांचे ओठ मिटलेले होते. आत्या दचकून जाग्या झाल्या. आम्ही एकमेकींकडे बघतोय तोवर माजघरात फोन खणखणला. आत्यांनी तो घेतला. गेणभाऊ होते.

"वहिनी, तात्या आज लई लवकर वरडलं? बरं वाटतंय वाटतं?"

तेवढ्यात तात्यांनी डोळे उघडले, "च्या टाका की गं कुनीतरी" म्हणाले, आणि त्या शब्दांबरोबर त्यांच्या तोंडातून वाफ निघाली. पांढरीशुभ्र, भरपूर. मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून हसत होते आणि रडत होते.

६

तात्यांनी नातीचं, माझ्या आरोहीचं, तोंड बघितलं. नुसतं बघितलं नाही, तिला खांद्यावर घेऊन सगळी बाग फिरवली, तिला परात वाजवायला शिकवलं, तिच्याकडून 'मऊ हाय' वदवून घेतलं. पुढे काही वर्षांनी एका वैशाखातल्या दुपारी जेवून आंब्याखाली कलंडले ते उठले नाहीत. हात लावला तेव्हा अंग उन्हानं गरम होतं. मला त्याचं समाधान आहे.

माझ्या हाताच्या पाठीवर, जिथं ते बोट लागलं, तिथं जोंधळ्याच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका राहिला. तिथं गरम कळत नाही, टोचलेलं कळत नाही. चुकून बांगडी लागली तर ठक वाजतं. मी कुणाला सांगितलं नाही. तात्यांच्या बदल्यात एवढीशी जागा गेली तर गेली.

आत्यांनी मात्र त्या पहाटेची गोष्ट करून टाकली. आरोहीला झोपवताना त्या हीच गोष्ट सांगायच्या. तुझ्या आईनं हात मधी घातला म्हनून तात्या वाचलं. आरोहीला रामरावणापेक्षा ही जास्त आवडायची. "आणि मग आईनं काय केलं?" असं ती माहीत असून विचारायची आणि माझ्याकडे अशी बघायची की मला तिथून उठून जावंसं वाटायचं. गोष्टीनं काय होतंय, असं मी म्हणत राहिले.

तात्यांमागे परात मीच ठेवू लागले. फोन कमी होत गेले. मोबाइल आले, टीव्हीवर सगळ्या जिल्ह्यांचं हवामान यायला लागलं. तरी मी ठेवायचे. घरात सवय होती, आणि परात वाजवताना तात्या जवळ असल्यासारखं वाटायचं.

ठिपका दर हिवाळ्यात थोडा वाढत होता. दोन हजार आठच्या डिसेंबरात तो बोराएवढा झाला. एका सकाळी शाळेला निघताना आरोहीनं मला पापा दिला आणि तशीच उभी राहिली.

"आई, तुझ्या तोंडातून वाफ का नाय येत?"

मी म्हटलं, गरम पाणी प्यायलं की नाही येत. तिनं मान हलवली. ती तात्यांची नात आहे, तिला असल्या थापा पटत नाहीत.

त्या दिवसापासून ती माझ्या पांघरुणात झोपू लागली. मी खूप ओरडले. आजीजवळ झोप म्हटलं, दार लावून घेतलं, तर दाराबाहेर बसून राहिली. शेवटी घेतली आत. पहाटे परात वाजली तेव्हा मी जागीच होते. बादली. हंडा. मला भीती अशी वाटली नाही. तात्या म्हणाले होते ते आठवलं, परातीला कुणी विचारतं का. मी नुसती पोरीकडे बघितलं. ती झोपलेली दिसत होती आणि तिचा उजवा तळवा माझ्या छातीवर पसरलेला होता.

मी तो हळूच उचलला. लहानसा, ऊबदार, मेंदी अजून पुसट उरलेली. त्याचा पापा घेतला आणि तो माझ्या पाठीखाली खोल दाबून ठेवला. त्याच्यावर सगळा भार दिला, म्हणजे सुटू नये. मग पांघरूण स्वतःच खाली सरकवलं आणि डोळे मिटून घेतले.

उशाचा तांब्या वाजला. नंतर फार वेळ काहीच नाही. मग अंगणात घसा खाकरल्याचा आवाज आला आणि माझ्या आवाजात, अगदी माझ्या, कुणीतरी ओरडलं, "मऊ हाय!"

मला काहीच लागलं नव्हतं. मी धडपडत उठून दिवा लावला. आरोही टक्क जागी होती, केस विस्कटलेले, आणि गालभर हसत होती.

"तू एकच हात धरलास," ती म्हणाली. "दुसरा मी ठेवला होता ना."

गार पडलेल्या माझ्या छातीला तो कळलाच नव्हता. तिनं डावा हात पुढं केला. त्याच्या पाठीवर जोंधळ्याच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. तिनं तो मला अभिमानानं दाखवला, उजव्या हाताच्या काचेच्या बांगडीनं त्यावर वाजवूनही दाखवलं. ठक.

"काय दुखत नाय, आई. बघ की."

मी तिला ओढून पोटाशी घेतलं आणि तिचं नाव घेत राहिले. दर वेळी माझ्या तोंडातून वाफ निघत होती, पांढरीशुभ्र, भरपूर.